जीए कधी मारायचं आणि कशासाठी: द्राक्षाच्या मण्यातले हार्मोन्स, नव्या बागायतदारांसाठी

द्राक्षबागेत नवीन उतरलेला माणूस पहिला प्रश्न डोसचाच विचारतो. जीए किती पीपीएम मारू, सीपीपीयू किती टाकू, इथ्रेल चालेल का. (जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड, जिबरेलिन गटातला हार्मोन; सीपीपीयू आणि इथ्रेल ही बाहेरून द्यायची दुसरी वाढनियंत्रकं; पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम.) आणि दुकानदारापासून शेजारच्या बागायतदारापर्यंत सगळे आकडाच सांगतात, कारण आकडा सांगायला सोपा. पण बघा, एकच जीए फुलोऱ्याआधी मारलं तर घड लांबतो, ऐन फुलोऱ्यात मारलं तर फुलं गळतात आणि सेटिंग, म्हणजे फुलाचा मणी, झाल्यावर मारलं तर मणी फुगतो. औषध तेच, कामं तीन, आणि सगळी महिनाभराच्या आतली. म्हणून माझं म्हणणं असं की मणी आज कुठल्या अवस्थेत आहे हे ज्याला बघता येतं त्याचा डोस थोडा इकडेतिकडे झाला तरी निभावतं, ज्याला ते दिसत नाही त्याला बरोबर आकडाही वाचवत नाही.

खालचं सगळं थॉम्पसन सीडलेस आणि तिच्याच गोतावळ्यातल्या तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन अशा जाती डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, आणि आपल्याकडची दोन छाटण्यांची पद्धत धरून, म्हणजे एप्रिलला खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी (घडांसाठी). रंगीत जातींचं जिथं वेगळं आहे तिथं तसं सांगतो.

पायरी १: आधी मणी वाचायला शिका

मणी एका दमात मोठा होत नाही. तो आधी झपाट्याने वाढतो, मग थांबल्यासारखा होतो, आणि मग पुन्हा वाढतो.

पहिल्या टप्प्यात, म्हणजे सेटिंगनंतरचे साधारण तीन आठवडे, मण्यात पेशी विभागतात. एकीच्या दोन, दोनाच्या चार. हे काम खरं तर फुलात असतानाच सुरू झालेलं असतं. या काळात मणी हिरवा, टणक आणि आंबट असतो, त्यात टार्टारिक आणि मॅलिक आम्ल साठतं. हा काळ संपला की नवीन पेशी जवळपास बनत नाहीत, पुढं ज्या आहेत त्याच फुगतात. म्हणजे मण्याचा अंतिम साईज किती होऊ शकतो हे बऱ्यापैकी इथंच ठरून जातं, आणि जे लोक पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागल्यावर, साईजसाठी धावपळ करतात त्यांची गाडी कधीच सुटलेली असते.

दुसरा टप्पा थांब्याचा. बाहेरून काहीच होताना दिसत नाही, मणी दोन-तीन आठवडे आहे तसाच. नवीन माणूस इथं घाबरतो आणि काहीतरी मारायला जातो. त्यावर पुढं बोलू.

तिसरा टप्पा म्हणजे पाणी उतरणं. मणी बोटात दाबला की मऊ लागतो, थोडा पारदर्शक दिसतो, रंगीत जातीत रंग धरतो. इथून साखर येते, मॅलिक आम्ल कमी होत जातं, आणि साईज दुसऱ्यांदा वाढतो.

आपल्याकडे फळछाटणीपासून फुलोरा साधारण ३५ ते ४५ दिवसांनी आणि काढणी १२० ते १४० दिवसांनी येते, पण हे दिवस थंडीवर, जातीवर आणि छाटणीच्या तारखेवर हलतात. निफाडला डिसेंबरात पारा घसरला की तासगावचं कॅलेंडर तिथं चालत नाही. म्हणून दिवस मोजा, पण विश्वास मण्यावर ठेवा. बागेत वेगवेगळ्या ओळींतले दहा-पंधरा घड रिबीन बांधून ठरवून टाका, दर तीन-चार दिवसांनी त्याच घडांचे मणी व्हर्नियरने किंवा साईजच्या रिंगने मोजा आणि वहीत लिहा. मोबाईलमधे लिहिलं तर दोन आठवड्यांनी सापडत नाही, वहीच बरी.

पायरी २: आत कोण कोण आहे ते ओळखून घ्या

नावं बरीच आहेत पण त्यांचे दोन गट पाडले की डोकं हलकं होतं. एक गट वाढवणारा: ऑक्झिन, सायटोकायनिन आणि जिबरेलिन. हे मणी लहान असताना जोरात असतात, पेशी विभागणं, पेशी ताणणं ही त्यांची कामं. दुसरा गट पिकवणारा: ॲबसिसिक आम्ल, म्हणजे एबीए, आणि ब्रासिनोस्टेरॉईड, हे पाणी उतरायच्या सुमारास वर येतात. इथिलीन मधेच कुठंतरी उभं असतं, त्याचं वेगळं सांगतो.

या दोन गटांचं एकमेकांशी जमत नाही, हे नीट लक्षात ठेवा. ऑक्झिन जोरात आहे तोवर मणी पिकायला लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शिराझ जातीच्या मण्यांवर पाणी उतरायच्या आधी कृत्रिम ऑक्झिन मारून बघितलं तर पिकणं साधारण दोन आठवडे लांबलं, हे १९९७ सालचं काम आहे. मणी स्वतः काय करतो, तर पाणी उतरायच्या आधी ऑक्झिनला अमिनो आम्लाशी जोडून निकामी करून ठेवतो, आणि मग एबीएला रस्ता मोकळा होतो. एबीए पिकण्याच्या सुरुवातीला वाढतं हे ऑस्ट्रेलियातच कूंब आणि हेल यांनी १९७३ साली दाखवलं होतं. ब्रासिनोस्टेरॉईडचं २००६ साली कळलं, तेही पाणी उतरतानाच वाढतं आणि बाहेरून दिलं तर पिकणं पुढं ओढतं.

आता बियांचं. हे नवीन लोकांना कोणी सांगत नाही आणि मला वाटतं इथूनच सगळं उलगडतं. मण्यातलं बी हे हार्मोन बनवणारं ठिकाण आहे. बियांच्या जातीत ज्या मण्यात बिया जास्त तो मणी सहसा मोठा, तुम्ही एकाच घडातले मणी फोडून बघू शकता. थॉम्पसनमधे काय होतं, परागीभवन होतं, फलन होतं, बी वाढायलाही लागतं, आणि मधेच मरतं. त्याचा बारीक पांढरट अवशेष मण्यात सापडतो. म्हणजे मण्याचं सेटिंग झालं पण पुढं त्याला जिबरेलिन पुरवणारं घरात कोणी उरलं नाही, म्हणून नुसत्या थॉम्पसनचा मणी बारीक राहतो. बेदाण्याला तो चालेल, टेबल द्राक्षाच्या पेटीत नाही चालणार. आपण बाहेरून जे जीए देतो ते म्हणजे त्या मेलेल्या बियाची ड्युटी आपण करतो, बस इतकंच आहे ते. आणि म्हणूनच रेड ग्लोबसारख्या बियांच्या जातीला थॉम्पसनचं शेड्यूल लावायचं नसतं, तिथं ड्युटीवर माणूस आहे आधीच.

जीए हे मुळात भातावरच्या एका बुरशीतून सापडलेलं आहे. ती बुरशी लागली की भाताचं रोप ताडासारखं उंच होऊन कोलमडायचं. कुरोसावा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९२६ साली दाखवलं की बुरशी काहीतरी पदार्थ सोडते आणि त्याने रोप ताणलं जातं, पुढं १९३५ साली त्याला जिबरेलिन नाव मिळालं. कॅलिफोर्नियात थॉम्पसनवर त्याचे प्रयोग १९५० च्या दशकाच्या अखेरीला झाले. जपानमधे डेलावेअर या बियांच्या जातीचे घड फुलोऱ्याआधी एकदा आणि नंतर एकदा जीएमधे बुडवून बिनबियांचं फळ घेतात, तिथं ही फार जुनी पद्धत झालीय.

पायरी ३: द्रावण बनवायला शिका, गणित पाठ करा

१ पीपीएम म्हणजे १ लिटर पाण्यात १ मिलिग्रॅम. त्यामुळे १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम शुद्ध जीए टाकलं की १० पीपीएम झालं. एवढं पाठ असलं की बाकी सगळं त्यातून निघतं. पण डब्यावर टक्के किती लिहिलेत ते बघा. ४० टक्क्यांची पाण्यात विरघळणारी पावडर असेल तर त्याच १० पीपीएमसाठी १०० लिटरला २.५ ग्रॅम लागेल. टेक्निकल पावडर ९० टक्क्यांच्या आसपास असते आणि ती पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी अल्कोहोल किंवा ॲसिटोनमधे पूर्ण विरघळवून मग पाण्यात ओतायची. खडे राहिले तर एका घडाला शून्य आणि एका घडाला दुप्पट असं होतं. सीपीपीयू ०.१ टक्क्याचं मिळतं, त्याच्या १ मिलिमध्ये १ मिलिग्रॅम, म्हणजे २ पीपीएमला लिटरमागे २ मिलि.

पाण्याचा पीएच आधी तपासा. आपल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी क्षारयुक्त, पीएच ८ च्या घरात, आणि अशा पाण्यात जीए टिकत नाही. सायट्रिक ॲसिड किंवा युरिया फॉस्फेट टाकून पीएच ५.५ ते ६.५ मधे आणा आणि मग जीए टाका, क्रम उलटा करू नका. बोर्डोसारख्या अल्कधर्मी औषधात जीए मिसळायचं नाही. बनवलेलं द्रावण त्याच दिवशी संपवा. फवारणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, कारण पान आणि घड ओले राहतील तेवढा वेळच ते आत जातं, दुपारच्या उन्हात पाच मिनिटांत वाळलं की पैसे वाऱ्यावर.

अजून एक, एक्स्पोर्ट करायचं असेल तर कुठलीही बाटली घ्यायच्या आधी ती द्राक्षावर वापरायला मान्य आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं हे बघायचंच. पुण्याजवळच्या मांजरी गावातलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र दर हंगामाला यादी काढतं, बागायतदार तिला अनेक्झर फाईव्ह म्हणतात. बिनलेबलच्या बाटल्या, ज्यांच्यावर नुसतं "साईज स्पेशल" असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्या फुकट मिळाल्या तरी घेऊ नका, आत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

पायरी ४: फुलोऱ्याआधी, घड मोकळा करायला

छाटणीनंतर साधारण २०-२२ दिवसांनी घड पोपटी रंगाचा दिसायला लागतो, कळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. इथं जीए हलक्या डोसमधे देतात, पहिला १० पीपीएम आणि मग तीन-चार दिवसांनी १५ पीपीएम. याचा उद्देश एकच, घडाचा दांडा आणि पाकळ्या (घडाचे बाजूचे फाटे) लांबवणं, म्हणजे पुढं मणी फुगल्यावर एकमेकांना चेपणार नाहीत आणि औषध आतपर्यंत पोचेल. गच्च घडात भुरी बसली की काढायला जागाच नसते.

लवकर दिलं किंवा डोस जास्त झाला तर घड गुंडाळतो, वेडावाकडा होतो, दांडा कडक होऊन मोडका होतो. एकदा गुंडाळला की सरळ करायला काही औषध नाही. बागेतले सगळे घड एका दिवशी पोपटी होत नाहीत, फूट मागेपुढे असते, त्यामुळे निम्म्याहून जास्त घड त्या अवस्थेत आले की मारायचं आणि उरलेल्यांचं जे होईल ते होईल. फूट एकसारखी यावी म्हणून छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाईडचं पेस्टिंग करतात, ते हार्मोन नाहीये, पण ते नीट झालं असेल तर हार्मोनचं सगळं वेळापत्रक सोपं जातं.

क्रिमसन, फ्लेम, शरद अशा रंगीत जातींना जीए एवढं लागत नाही, डोस कमी आणि जातीप्रमाणे वेगळा. त्यासाठी त्या जातीचा अनुभवी माणूस गाठा, थॉम्पसनचा तक्ता झेरॉक्स काढून वापरू नका. आणि वाईनच्या जाती असतील तर हा विषय जवळपास सोडूनच द्या. तिथं मणी बारीकच हवा असतो, रंग आणि चव सालीत असते, मणी फुगवला की साल कमी आणि पाणी जास्त.

पायरी ५: फुलोऱ्यात, मणी कमी करायला

फुलांच्या टोप्या पडायला लागल्या, म्हणजे फुलं उमलायला लागली, की जीएचं काम बदलतं. साधारण २० ते ५० टक्के फुलोरा असताना थॉम्पसनला ४० पीपीएमपर्यंत फवारणी देतात, याने काही फुलं सेट न होता गळून जातात. म्हणजे थिनिंगचं (विरळणीचं) थोडं काम औषध करतं आणि मजुरी वाचते. ऐकायला छान वाटतं, पण नवीन माणसाने पहिल्या वर्षी हे जपून करावं असं मला वाटतं. कारण फुलोऱ्यात ढगाळ हवा किंवा पाऊस आला की गळ आपोआपच होते, त्यात वरून जीए मारलं की घड विरळ सोडून रिकामा होऊ शकतो. हवामानाचा अंदाज बघून ठरवा आणि शंका असेल तर हाताने विरळणी करा. मजुरी जाते पण घड हातात राहतो.

विरळणी कशीही केली तरी करायचीच. एक्स्पोर्टच्या घडात १००-१२० मणी ठेवतात. वेलीत साखर बनवणारी पानं ठराविक, काडीला १५-१६ पानं धरा, त्यावर मणी किती पोसायचे याला मर्यादा आहे. हार्मोन मण्याला "ओढ" देतो, पण ओढायला मागं माल पाहिजे ना. पंधरा पानांवर दोन मोठे घड ठेवून दोघांनाही जीए दिलं की दोघंही अर्धवट.

पायरी ६: फुगवण

हा सगळ्यात पैशाचा टप्पा, आणि सगळ्यात जास्त चुका पण इथंच होतात. मणी ३-४ मिमी झाला की पहिलं डिपिंग (घड द्रावणात बुडवणं), जीए ४० पीपीएमच्या आसपास. ६-७ मिमीला दुसरं, ३० पीपीएमच्या आसपास, त्यात सीपीपीयू १ ते २ पीपीएम. आकडे बागेच्या जोमावर हलतात, पण मिमी हलवू नका. बाजरीएवढा मणी असतानाची आणि ज्वारीएवढा मणी असतानाची पेशींची अवस्था वेगळी असते आणि हे सगळं त्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत बसवायचं असतं.

दोघांचं काम वेगळं आहे. जीए पेशी लांबट ताणतं, त्यामुळे मण्याला लांबी येते. सीपीपीयू हे सायटोकायनिनसारखं वागतं, पेशी विभागायला लावतं, त्याने मणी गोल, जाड सालीचा आणि करकरीत होतो, देठ पण जाड होतो आणि मणी लवकर सुटत नाही, लांबच्या प्रवासाला बरं. पण हा वाढवणाऱ्या गटातला आहे, विसरू नका. जास्त झाला की साखर उशिरा येते, रंगीत जातीत रंग अडतो, साल जाड आणि चव सपाट होते. मार्केटमधे टपोरे हिरवेगार मणी असतात आणि तोंडात घातले की पाणचट लागतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. व्यापारी साईजचे पैसे देतो हे मान्य, पण १८ मिमीचा मणी आणि १४ ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) असला माल फेब्रुवारीत बागेत अडकून बसतो, कारण साखर येता येत नाही आणि तोवर भाव उतरलेला.

डिपिंग करताना मगमधे घड पूर्ण बुडवा आणि बाहेर काढल्यावर हलकेच झटका, खालच्या टोकाला थेंब साठून राहिला की तिथं डाग पडतो. मगातलं द्रावण घाण झालं, फुलांचा कचरा पडला, की बदला. कोणती ओळ झाली कोणती नाही याला खूण ठेवा, नाहीतर एक ओळ दोनदा आणि एक ओळ उपाशी हे हमखास, विशेषतः दुपारी जेवणानंतर टोळी परत कामाला लागते तेव्हा. आणि एक ओळ मुद्दाम कोरी सोडा, किमान चार वेली. त्याशिवाय तुमच्या बाटलीने काय केलं आणि वेलीने स्वतः काय केलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

गर्डलिंग पण याच सुमारास करतात, मणी ४-५ मिमी असताना खोडाची बारीक गोल साल काढायची, म्हणजे पानातली साखर खाली मुळाकडे न जाता वरच घडात राहते. जीएबरोबर याचा परिणाम चांगला दिसतो. पण मूळ तेवढे दिवस उपाशी असतं, म्हणून अशक्त वेल, सूत्रकृमीची बाग, पाण्याचा ताण असेल तर हात लावू नका. आत लाकडापर्यंत चाकू गेला तर नुकसान वेगळंच.

पायरी ७: थांब्याच्या काळात हात आवरा

मणी थांबला. साईज हलेना. शेजाऱ्याने काहीतरी मारलं असं कळलं. आणि तुमच्या फोनवर तीन वेगवेगळे सल्ले आले. या काळात मण्यात ऑक्झिन उतरत असतं, एबीए चढायची तयारी असते. इथं जीए किंवा सीपीपीयू पुन्हा दिलं तर तुम्ही पिकण्याची वेळ पुढं ढकलताय, साईज फारसा मिळत नाही कारण पेशी विभागायचं दुकान बंद झालेलं असतं.

करायचं असेल तर कॅल्शियमचं बघा, तेही पाणी उतरायच्या आधीच. कॅल्शियम मण्यात पाण्याच्या नळ्यांतून येतं आणि पाणी उतरल्यावर त्या वाटेने येणारा पुरवठा एकदम घटतो, पुढं मणी मुख्यतः साखरेच्या वाटेने पोसला जातो. त्यामुळे साल मजबूत करायची, तडकणं कमी करायचं तर कॅल्शियम लहान मण्यावर. पाणी उतरल्यावर दिलेल्या कॅल्शियमचा बराचसा भाग नुसता सालीवर पांढरे डाग म्हणून दिसतो आणि पॅकहाऊसवाला ते नाकारतो.

पायरी ८: पाणी उतरताना

आता पिकवणारा गट कामाला लागतो. एबीए वाढलं की मणी मऊ होतो, साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच्या रूपात साठते, रंगीत जातीच्या सालीत अँथोसायनिन बनायला लागतं. पांढऱ्या जातीत रंगाचं बटण असलेली जनुकंच बिघडलेली असतात म्हणून थॉम्पसनला कितीही एबीए दिलं तरी ती काळी होणार नाही. नाशिककडे थंडीत थॉम्पसनच्या मण्यांवर जी गुलाबी छटा येते, पिंक बेरी म्हणतो आपण, ती दिवस-रात्रीच्या तापमानातल्या मोठ्या फरकाने येते, म्हणून लोक घडांना पेपर लावतात. त्यावर हार्मोनची बाटली शोधू नका.

एबीए वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग पाण्यात आहे. वेलीला हलका ताण बसला की एबीए वाढतं, त्यामुळे पाणी उतरल्यावर पाणी थोडं कमी करतात आणि साखर लवकर भरते. थोडं म्हणजे थोडंच. एकदम तोडलं तर मणी सुकतात, आणि मग घाबरून एकदम जास्त सोडलं की मणी तडकतात. ठिबकचे तास हळूहळू कमी करा. नत्र तर या टप्प्यात बंदच, नवीन शेंडे निघाले की साखर तिकडं जाते.

इथिलीनचं आता सांगतो. केळी, आंबा ही फळं काढल्यावर इथिलीनने पिकतात. द्राक्ष त्या जातीचं फळ नाही, वेलीवरून काढलं की जेवढं गोड आहे तेवढंच राहणार. तरीही पाणी उतरायच्या जरा आधी मण्यात इथिलीन थोडंसं वाढतं आणि त्याचा पिकण्यात हात असतो. इथेफॉन, म्हणजेच इथ्रेल, झाडात जाऊन इथिलीनच सोडतं, म्हणून फ्लेम, क्रिमसनला रंगासाठी ते वापरतात. पण वेळ फार नाजूक. ऑस्ट्रेलियातल्या १९७० सालच्या प्रयोगात थांब्याच्या टप्प्याच्या उत्तरार्धात दिल्यावर पिकणं लवकर झालं आणि त्याआधी दिल्यावर उलट लांबलं. म्हणून काही मण्यांवर रंग दिसायला लागल्याशिवाय हात लावायचा नाही. जास्त झालं तर मणी मऊ पडतो, देठापासून सुटतो, कोल्ड स्टोरेजला टिकत नाही. रेसिड्यूचाही प्रश्न येतो, तेव्हा एक्स्पोर्टरला विचारल्याशिवाय नको. रंगासाठी एबीए जास्त सरळ काम करतं, परदेशात त्याची तयार औषधं टेबल द्राक्षावर वापरली जातात, तुमच्या यादीत आहे का ते बघूनच घ्या. होमोब्रासिनोलाईडचं (ब्रासिनोस्टेरॉईड गटातलं औषध) पण तेच, आधी यादी बघा आणि मग कोऱ्या ओळीशी तुलना करून ठरवा, जाहिरातीवरून नाही.

रंग न येण्याचं कारण बऱ्याचदा हार्मोन नसतंच, माल जास्त धरलेला असतो. घड कमी करा, घडाजवळची दोन-चार जुनी पानं काढून हवा खेळू द्या, मग बाटलीकडं बघा.

पायरी ९: काढणी

काढल्यावर गोडी वाढत नाही हे सांगितलंच, म्हणून रिफ्रॅक्टोमीटर उधारीवर नको, स्वतःचा घ्या. एका घडाचा एक मणी बघून काढणी ठरवायची नाही, खांद्याचे मणी आधी गोड होतात आणि टोकाचे मागं राहतात. घडाच्या वरचा, मधला, खालचा असे तीन मणी, मांडवाच्या उन्हातले आणि सावलीतले दोन्ही घड, आणि हे सगळं त्या रिबीन बांधलेल्या घडांवर. टोकाच्या मण्याला १६-१७ च्या वर ब्रिक्स आला की माल खाण्यासारखा झाला समजा, बाकी तुमचा खरेदीदार काय मागतो त्यावर.

पायरी १०: एप्रिलमधे, कारण पुढचा घड इथं ठरतो

काढणी झाली की नवीन माणूस सुट्टीवर जातो. पण पुढच्या हंगामाचा घड खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत काडीच्या डोळ्यात तयार होतो. त्या डोळ्यात एक कोवळा कोंब असतो, त्याची बाळी (वेल ज्याने आधार धरते तो तणावा) होणार का घड होणार हे तेव्हा ठरतं. सायटोकायनिन भारी पडलं तर घड, जिबरेलिन भारी पडलं तर बाळी. श्रीनिवासन आणि मलिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीला सायटोकायनिन देऊन बाळीचा फुलोरा करून दाखवला होता. आणि २००२ साली पिनो म्यूनिए जातीपासून मिळालेल्या एका बुटक्या वेलीत, जिला जिबरेलिनचा संदेशच नीट कळत नव्हता, जिथं बाळ्या यायच्या तिथं घड आलेले सापडले.

म्हणून एप्रिल हंगामात जीए नाही. जोम आवरायचा, सबकेन (शेंडा मारून बाजूने फुटणारी काडी) वेळेवर करायची, काडीवर ऊन पडू द्यायचं, पाणी आणि नत्र बेतात. ६-बीए (एक सायटोकायनिन) आणि युरासिल लोक याच वेळी देतात ते याच कारणाने. जोम आवरायला आधी सीसीसी (क्लोरमेक्वाट) सर्रास मारायचे, ते वेलीत जिबरेलिन बनूच देत नाही, पण ते लाकडात साठून फळात उतरतं. २०१० साली युरोपला गेलेल्या आपल्या द्राक्षात त्याचे अंश सापडले, तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती, आणि कंटेनर अडकून बऱ्याच बागायतदारांचं त्या वर्षी कंबरडं मोडलं. दुकानात कोणी अजून सुचवलं तर एक्स्पोर्टच्या बागेत अजिबात नको.

आणि ऑक्टोबरला छाटल्यावर घड जिरले, बाळीवर गेले असं दिसलं तर ऑक्टोबरच्या औषधांना दोष देण्याआधी वही उघडून मे-जूनमधे काडीवर ऊन किती होतं, पाऊस किती झाला आणि शेंडा कधी मारला ते बघा.